बायकांना ग्रंथालयात बसायला जागा हवी

तालुक्याच्या गावी एखाद्या शासनमान्य ग्रंथालयाच्या दारावरची वेळेची पाटी वाचून पाहा. सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ, फार तर अर्धा-एक तास इकडेतिकडे. या दोन्ही वेळी गावातली बहुतेक बाई चुलीपुढे असते. सकाळी डबे, मुलांची शाळा, नळाला पाणी येण्याची वेळ. संध्याकाळी दिवेलागण झाली की रात्रीचा स्वयंपाक. शेतावर किंवा धुण्याभांड्याच्या कामाला जाणारीचे तर दिवसाचे गणितच वेगळे. जिला थोडी उसंत मिळते तिला ती दुपारी दोन-चारच्या दरम्यान मिळते, आणि नेमके तेव्हा ग्रंथालयाला कुलूप असते. ही वेळ कुणी आकसाने ठरवलेली नसणार. कचेरीला जाण्याआधी वर्तमानपत्र चाळणारा आणि परतताना पुस्तक बदलणारा वाचक डोळ्यांपुढे ठेवून ती ठरली आणि पिढ्यानपिढ्या तशीच राहिली.

ग्रंथालय आणि स्त्रीवाद हा विषय निघाला की आपण लगेच पुस्तकांकडे वळतो. महिला विभागात काय असावे, आठ मार्चला व्याख्यान कुणाचे ठेवावे, तीन जानेवारीला सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार कोण घालणार. मला त्याच्या आधीचा प्रश्न विचारायचा आहे. बाईला तिथे बसता येते का? पुस्तक बदलून पाच मिनिटांत बाहेर पडणे याला मी बसणे म्हणत नाही. टेकावे, चार पुस्तके चाळावीत, शेजारणीशी बोलावे, तास-दीड तास कुणालाही कारण न सांगता थांबावे, असे बसणे. महाराष्ट्रात स्त्रीवादी विचार वाढला तो बायका एकत्र बसल्या, वाचू लागल्या, एकमेकींशी बोलू लागल्या म्हणून. आज गावात अशी जागा कुठे आहे, असे विचारले तर उत्तर देता येत नाही. आणि ती देऊ शकेल अशी सर्वात जवळची संस्था सार्वजनिक ग्रंथालय हीच आहे.

पार, चहाची टपरी, चौक, बसस्थानकाचा कट्टा ही पुरुषांच्या बसण्याची ठिकाणे. बाई तिथे दिसली तर तिला काहीतरी काम असावे लागते. बाजारात ती खरेदीला येते, दवाखान्यात मुलाला घेऊन येते, शाळेच्या फाटकाशी मुलगी सुटेपर्यंत उभी राहते. देवळात भजनी मंडळ जमते आणि त्या जमण्याचे मोल मी कमी लेखत नाही. कित्येकींना तेवढाच विसावा असतो. पण देवळात महिन्याचे चार दिवस अडतात, जात अडते, मुसलमान किंवा ख्रिस्ती शेजारीण सोबत येऊ शकत नाही. शहरात कॅफे निघाले आहेत, तिथे बसायचे तर दीडदोनशे रुपये हातात हवेत. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात मात्र वर्तमानपत्र वाचायला बहुधा पैसे पडत नाहीत, धर्म आडवा येत नाही, आणि ‘वाचायला जाते’ हे कारण सासरी सांगता येते. हे शेवटचे साधे वाटेल, पण अनेक घरांत बाहेर पडण्याचा परवाना कारणावरच मिळतो.

अशा जागा नव्याने बांधाव्या लागणार नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 साली झाला. त्यानुसार स्थानिक संस्थांनी चालवलेल्या ग्रंथालयांना शासनाची मान्यता मिळते, अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात आणि वर्गानुसार अनुदान मिळते. राज्यात अशी ग्रंथालये दहा हजारांहून अधिक आहेत. खोली आहे, कपाटे आहेत, टेबल-खुर्च्या आहेत, एक पगारी माणूस आहे, मग तो पगार कितीही तुटपुंजा असो. दुपारी हे सगळे बंद असते.

वाचणाऱ्या बाईला घरात काय सोसावे लागत असे ते आपल्या स्त्रियांनीच लिहून ठेवले आहे. रमाबाई रानडे यांच्या आठवणी 1910 साली प्रसिद्ध झाल्या. न्यायमूर्तींसारखा नवरा पाठीशी असूनही घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांच्या शिक्षणापायी त्यांना किती टोचून बोलले, हे त्यात वाचायला मिळते. त्याच रमाबाई पंडिता रमाबाईंनी 1882 साली पुण्यात स्थापलेल्या आर्य महिला समाजाच्या सभांना जाऊ लागल्या, म्हणून पुढे सेवासदन उभे करणाऱ्या रमाबाई आपल्याला मिळाल्या. घरात एकट्याने वाचणारी बाई आणि चौघींत बसून वाचणारी बाई यांत फार अंतर आहे. एकटीला वाटते, दोष आपल्यातच आहे. चौघींत बसली की तिला कळते, हे प्रत्येकीच्या घरात चालले आहे. 1975 नंतरच्या स्त्रीमुक्ती चळवळीतल्या गटांनी हेच केले, बैठकांतून आणि नियतकालिकांतून. विद्या बाळ यांनी पुण्यात नारी समता मंच काढला, 1989 साली ‘मिळून साऱ्याजणी’ हे मासिक सुरू केले. त्यांच्या कामांच्या यादीत अक्षरस्पर्श ग्रंथालयही आहे, हे अनेकांच्या लक्षात नसते. मंच, मासिक आणि ग्रंथालय ही तिन्ही एकाच बाईने उभी करावीत हा मला योगायोग वाटत नाही.

आणि जिला हे काहीच मिळाले नाही तिचे काय? बेबीताई कांबळे फलटणला किराणा दुकान चालवत. पुड्या बांधायला आणलेली रद्दीची वर्तमानपत्रे त्या गल्ल्यावर बसून वाचत आणि लिहिलेले वर्षानुवर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवत. ‘जिणं आमुचं’ हे त्यांचे आत्मकथन पुस्तकरूपाने आले ते 1986 साली. ही गोष्ट जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि ती जिद्द आहेच. पण एवढ्या ताकदीच्या लेखिकेला पुडीच्या कागदावर वाचनाची तहान भागवावी लागली, हा आपल्या सार्वजनिक व्यवस्थेवरचा आरोपही आहे. ज्या बेबीताईंना रद्दीसुद्धा मिळाली नाही, त्यांची पुस्तके आपण वाचलेली नाहीत.

बसायला जागा देण्याइतकेच ग्रंथालयाचे दुसरे काम जपण्याचे. ताराबाई शिंदे यांचे उदाहरण इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून 1881 साली फाशीची शिक्षा झाली, ती पुढे सौम्य करण्यात आली. त्यानिमित्ताने वर्तमानपत्रांतून एकूण स्त्रीजातीच्या नीतीवर जो चिखल उडाला, त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या या बाईने ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली आणि 1882 साली ती पुण्यात छापून आली. जे जे दोष बायकांना चिकटवता, ते पुरुषांत कमी आहेत का, असा तिचा रोकडा सवाल. भाषा अशी धारदार की आजही वाचताना अंगावर काटा येतो. लोक तुटून पडले. जोतीराव फुल्यांनी 1885 साली ‘सत्सार’मध्ये तिची बाजू घेतली, तरी ताराबाईंनी पुन्हा काही छापल्याचे दिसत नाही. पुस्तक विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी ते संपादून पुन्हा प्रसिद्ध केले 1975 साली, म्हणजे त्र्याण्णव वर्षांनी. मधल्या तीन-चार पिढ्यांतल्या बायका स्वतःचे दुःख पहिल्यापासून शोधत राहिल्या, कारण आपल्याआधी एका बाईने ते सगळे लिहून ठेवले आहे हे त्यांना कुणी सांगितले नाही. कुठेतरी एक प्रत टिकली म्हणून 1975 तरी उजाडले. ती टिकली नसती तर मराठी स्त्रीवादाचा आरंभ आपण कितीतरी नंतरचा धरला असता आणि तो बाहेरून आलेला विचार आहे, असे म्हणणाऱ्यांचे अधिकच फावले असते.

मुक्ता साळवेचेही तसेच. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या, मातंग समाजातल्या या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’ने छापला. तो आज अभ्यासक्रमात आहे, सभांतून वाचला जातो. नियतकालिकांच्या जुन्या फायली कुणीतरी राखल्या म्हणून हे शक्य झाले. आणि आज आपल्या ग्रंथालयांत निर्लेखनाच्या, म्हणजे जुनी पुस्तके यादीतून काढून टाकण्याच्या, वेळी पहिल्यांदा काय बाहेर जाते? मासिकांचे जुने अंक. किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक 1930 पासून पन्नासहून अधिक वर्षे निघत होते. त्याचे बांधीव अंक एकेकाळी अनेक ग्रंथालयांत होते. कपाट अपुरे पडते, वाळवी लागते, जागा हवी असते, ग्रंथपालाची अडचण मला कळते. पण मराठी मध्यमवर्गीय बाईने अर्धशतक काय वाचले, कशाला भ्यायली, कधी चिडून संपादकाला पत्र लिहिले, हे सगळे त्या अंकांत आहे. किलोच्या भावाने ते गेले की परत मिळत नाही.

मुळात बऱ्याच जणींचे काही छापलेच गेले नाही. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास लिहायला ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून निघाल्या, तेव्हा तो कपाटांत नव्हता. म्हणून त्यांनी त्या बायकांना गाठून, बोलते करून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले. मुंबईत ‘स्पॅरो’ ही संस्था 1988 पासून स्त्रियांच्या आठवणी, आवाज, छायाचित्रे जमवते आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. ही सगळी कामे ध्यासापोटी उभी राहिली. माझी मागणी लहान आहे. प्रत्येक तालुक्यातल्या एका ग्रंथालयाने एक कपाट गावातल्या बायकांच्या कागदांसाठी राखावे: महिला मंडळाची इतिवृत्ते, बचत गटाच्या जुन्या वह्या, कुण्या शिक्षिकेची रोजनिशी, दारूबंदीसाठी बायकांनी दिलेली निवेदने. मोबाइलवर आजीबाईंचे बोलणे नोंदवून घेणे आता कुणालाही जमते. त्या घरात पुढची पिढी कागद जपेल याची खात्री नाही. ग्रंथालयाने जपायचे ठरवले तर जपले जातील.

आता पुस्तक मागण्याविषयी. पुष्कळ ग्रंथालयांत आजही कपाटे काउंटरच्या आड असतात. वाचकाने नाव सांगायचे, कर्मचाऱ्याने पुस्तक काढून द्यायचे. मागे चार माणसे उभी असताना घटस्फोटाच्या कायद्याचे, गर्भनिरोधाचे किंवा मानसिक आजाराचे पुस्तक मोठ्याने मागायला किती बायका धजावतील? र. धों. कर्वे 1927 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक आरोग्याविषयीचे मासिक चालवत राहिले. त्यांना वाचक जे प्रश्न विचारत, ते आजही लोक एकमेकांना विचारायला लाजतात. मुक्तद्वार पद्धत, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक निवडणे, ही आपल्याकडे पुस्तके चोरीला जाण्याच्या भीतीने मागे पडली. चार पुस्तके हरवतील हे मान्य, पण एका घाबरलेल्या मुलीला न विचारता हवे ते पुस्तक हाती लागणार असेल तर तो तोटा मी आनंदाने सोसेन.

देवघेवीच्या नोंदवहीचाही विचार व्हावा. लहान गावात ती उघडी पडलेली असते आणि कोण काय वाचते हे संध्याकाळपर्यंत घरी पोहोचते. सभासदत्व नवऱ्याच्या नावावर, पुस्तक बायको वाचते, आणि नोंद बघणारा काउंटरवरचा माणूस दिराचा मित्र. बाईचे वाचन तिच्यापुरते राहिले पाहिजे, हा नियम ग्रंथालयाने भिंतीवर लिहून लावावा. नोंदवही मिटून ठेवायला एक रुपयाही लागत नाही.

ग्रंथालयाने तटस्थ असावे, एखाद्या विचाराची बाजू घेऊ नये, असा आक्षेप यावर येतो. तो प्रामाणिकपणे घेतला जातो, म्हणून त्याचा विचार करावा लागतो. पण कपाटे आज तटस्थ आहेत का? ‘महिला विभाग’ अशी चिठ्ठी लावलेल्या कपाटात पाककृती, विणकाम, व्रतवैकल्ये, सौंदर्यप्रसाधन, बाळाची नावे. यातले काहीही काढून टाकू नका. माझ्या आईने पाककृतींच्या पुस्तकातूनच वाचनाची सवय लावून घेतली होती. पण त्याच फळीवर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याची मराठीतली पुस्तिका का नाही? वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने 1994 साली दिला, देशभर तो 2005 साली आला. भावाला हक्कसोड पत्र लिहून देण्याआधी किती बहिणींनी हे वाचलेले असते? बाईला काय वाचायला आवडेल हे आधीच ठरवून टाकणे हीसुद्धा बाजू घेणेच आहे. आणि महिला विभाग वेगळ्या कपाटात कोंडला की बाकीची सगळी कपाटे आपोआप पुरुषांची ठरतात. ‘स्त्रीपुरुष तुलना’ वैचारिक वाङ्मयात ठेवा, जोतीरावांच्या शेजारी. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत दिवसभर बसणाऱ्या मुलांच्याही ती दृष्टीस पडू दे. उद्या त्यांच्यातलाच कुणी तहसीलदार होईल, आणि वारसनोंदीला आलेली बहीण त्याच्या टेबलासमोर उभी असेल.

दुसरा आक्षेप असा की बाई ग्रंथालयात येऊ शकत नसेल तर पुस्तकच घरी न्यावे. या वाटेने चांगले काम झाले आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेत 2009 पासून पुस्तकांच्या पेट्या नाशिकहून निघाल्या आणि परदेशातल्या मराठी मंडळींपर्यंत गेल्या. कितीतरी गृहिणींनी त्या पेट्या सांभाळल्या. तरी माझे समाधान होत नाही. पुस्तक घरी आले की बाईच्या घरात राहण्याला आणखी एक कारण मिळते. मोबाइलवर सगळे मिळते, या म्हणण्यालाही माझे हेच उत्तर आहे. शिवाय कित्येक घरांत तो मोबाइल एकच असतो आणि रात्री कुणीतरी तपासतो.

जातीचा प्रश्न टाळून ही चर्चा पुरी होणार नाही. ग्रंथालय कोणत्या आळीत आहे, कोणत्या वाड्यात किंवा देवळाच्या सभामंडपात भरते, यावर कोणती बाई पायरी चढेल ते ठरते. दुसरीकडे सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर येणाऱ्या बायका पाहा. खेड्यापाड्यांतून, मिळेल त्या गाडीने आलेल्या या बायका शिवाजी पार्कवरच्या दुकानांतून पुस्तके घेऊन, पदराआड सांभाळून परत जातात. दीक्षाभूमीवरही हेच दिसते. वाचनाची एवढी ओढ असलेल्या वाचक स्त्रिया आपल्या गावच्या ग्रंथालयाच्या सभासद का नाहीत, हे प्रत्येक कार्यकारी मंडळाने स्वतःला विचारावे. अनेक बुद्धविहारांत छोटी वाचनालये चालतात. शासनमान्य ग्रंथालयांनी त्यांच्याशी पुस्तकांची देवघेव सुरू करायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

कार्यकारी मंडळाचा उल्लेख आलाच आहे, तर स्पष्ट बोलते. महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखल्या. गावचा कारभार बाई करू शकते हे आता सिद्ध करून दाखवावे लागत नाही. मग त्याच गावच्या ग्रंथालयाचे अध्यक्ष, कार्यवाह, कोषाध्यक्ष वर्षानुवर्षे पुरुषच का? अनुदानाला जशा इतर अटी आहेत, तशी मंडळात निम्म्या स्त्रिया ही अट घालावी. ग्रंथखरेदीच्या समितीत तर त्या हव्यातच. आणि सांगण्याची लाज वाटावी अशी गोष्ट, पण सांगते: स्वच्छतागृह. जिथे बाईसाठी वेगळे, कडी लागणारे, पाणी असलेले स्वच्छतागृह नाही तिथे ती दोन तास बसणार नाही, मग कपाटात कितीही थोर पुस्तके असोत.

सुरुवात करायला सगळ्या अटी पूर्ण होण्याची वाट पाहू नये. आठवड्यातले दोन दिवस दुपारी एक ते चार दार उघडे ठेवावे. बचत गटाची मासिक बैठक कुणाच्या ओट्यावर घेण्याऐवजी तिथे घ्यावी, म्हणजे ज्या कधीच आल्या नसत्या त्या पुस्तकांच्या मध्ये येऊन बसतील. हिशेब आटोपला की एकीने दहा-पंधरा पाने मोठ्याने वाचावीत. सगळ्यांना अक्षरओळख नसते, ऐकणे सगळ्यांना येते. लहान मुले बरोबर येतील, गोंगाट होईल, तो होऊ द्यावा. दिवाळी अंकांच्या योजनेला ज्या बायका हौसेने नाव नोंदवतात, त्यांना पहिल्यांदा निमंत्रण द्यावे.

मात्र या दुपारच्या तासांचे पैसे ग्रंथपालाला मिळाले पाहिजेत. लहान ग्रंथालयांचे वर्षभराचे अनुदान हजारांत मोजले जाते आणि त्यातूनच पुस्तके, वीज आणि पगार भागवायचा असतो. ड वर्गाच्या ग्रंथालयात काम करणारी ग्रंथपाल अनेकदा बाईच असते, कारण एवढ्या पैशांत दुसरे कुणी येत नाही. बायकांची सोय दुसऱ्या एका बाईच्या फुकट कष्टांवर उभी करायची असेल तर त्या दाराला ‘महिलांसाठी खुले’ अशी पाटी लावू नये. शासनाने अनुदानात दुपारच्या वेळेसाठी स्वतंत्र रक्कम धरावी. ती येईपर्यंत ग्रामपंचायतीने किंवा नगरपरिषदेने महिला व बालकल्याणाच्या निधीतून हे मानधन द्यावे, आणि तसा ठराव येत्या मासिक सभेत मांडायला गावातल्या निवडून आलेल्या बायकांनीच पुढे यावे.